जावयासाठी सोडलेलं पाणी

पाण्याचं काम करतो म्हटलं की लोक मला नळफिटर समजतात. माझ्या लग्नात बायकोच्या मावशीनं भरमांडवात विचारलं होतं, "बोअर मारते का हा?" मी बोअर मारत नाही. मी पाणी शुद्ध करायचे प्लांट बसवतो, ते बिघडले की उघडतो, आणि उघडल्यावर आत जे दिसतं ते मालकाला जमेल तितक्या सभ्य भाषेत सांगतो. गोंदिया जिल्ह्यात अशी बरीच वर्षं काढल्यावर माझी भाषा फारशी सभ्य राहिलेली नाही, पण पाण्याशी मात्र अजून पटतं.

धंदा थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे आंघोळीचं पाणी तापवायचा गंज, म्हणजे मोठं पातेलं असेल, तर त्याच्या बुडाशी बोट फिरवून बघा. खरबरीत पांढरा थर लागेल. पाण्यात विरघळलेले क्षार असे कुठेतरी बसायला जागा शोधत असतात. आमच्या मशीनमध्ये एक नळकांडं असतं आणि त्यात पातळ पडद्याची घट्ट गुंडाळी असते. तिला मेंब्रेन म्हणतात. पंप पाण्याला जोरात ढकलतो. थोडं पाणी पडद्यातून पलीकडे जातं, ते पिण्याचं. क्षार अलीकडेच राहतात, आणि उरलेल्या पाण्यानं त्यांना घेऊन नालीची वाट धरायची असते. या नालीत जाणाऱ्या पाण्याला आम्ही रिजेक्ट म्हणतो. ते वाहिलं नाही तर क्षार पडद्यावरच बसतात आणि गंजाच्या बुडासारखा मेंब्रेन दगड होतो. मग तो फेकायचा. विज्ञान एवढंच आहे. बाकी सगळा माणसांचा प्रश्न आहे, कारण रिजेक्टची धार पाहून पोटात दुखलं नाही असं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही.

गोंदिया शहरात पाण्याचे कॅन विकणारे एक सेठ होते. त्यांना मी सांगितलं होतं की मेंब्रेन जाम झाला तर धुता येतो. आम्ही तो नळकांड्यातच ठेवून औषधाच्या पाण्यानं धुतो, हे सांगायचं राहिलं. आठवड्यानं फोन आला, "भैया, धो दिया है, बस आप आके लपेट दो." जाऊन पाहतो तर सेठाणीनं गुंडाळी सोडून, सोड्याच्या पाण्यात भिजवून, मोगरीनं धोपटून गच्चीवर वाळत घातली होती. वर चार विटा ठेवल्या होत्या आणि शेजारी कुरड्या होत्या. सेठाणी म्हणाल्या, "देखो, कितना मैल निकला!" मैल खरंच निघाला होता. मेंब्रेनही निघाला होता. मी दोन कुरड्या खाल्ल्या आणि सेठना नवीन मेंब्रेन घ्यायला सांगितलं.

अशा गिऱ्हाइकांना मी वर्षानुवर्षं हसत आलो. म्हणून आता जे सांगणार आहे ते सांगणं भाग आहे, कारण यातलं गिऱ्हाईक माझा सासरा होता आणि मूर्ख मी होतो.

माझी सासुरवाडी केशोरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथं जेवायला जायचं असतं. तिथल्या विहिरीचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ दोन-दोन तास चुलीवर राहायची आणि तरी दाताखाली खडे लागावेत तशी लागायची. सकाळी प्यायचं पाणी आणायला बायका शेजारच्या गावापर्यंत जात. सासुरवाडीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष शीलाताई दोन वर्षं पिण्याच्या पाण्याच्या प्लांटसाठी अर्ज घेऊन फिरत होत्या. मी नोकरी करायचो त्या नागपूरच्या कंपनीला एक प्लांट एखाद्या गावाला मोफत द्यायचा होता. मी साहेबांना शब्द दिला, "सर, आमचं गाव सांभाळेल." समाजमंदिराशेजारच्या खोलीत प्लांट बसला. त्यानंतर महिनाभर मी सासुरवाडीत ज्या थाटात वावरलो, तो आठवला की आजही कान गरम होतात.

ऑपरेटर म्हणून गटानं माझ्या सासऱ्यांना नेमलं. मंसारामबाबा. ठेक्यानं धानाची शेती करणारा, कमी बोलणारा, पहाटे विहारात वंदना करून मगच चहा घेणारा माणूस. मी त्यांना प्रशिक्षण दिलं. खरं म्हणजे मी बोललो आणि ते माझ्यासमोर उभे राहिले. मी बसा म्हटलं तर म्हणाले, "नाई जी, तुमी जवाई." मी फ्लो म्हणालो, प्रेशर म्हणालो, रिकव्हरी म्हणालो. ते प्रत्येक शब्दाला "होय जी" म्हणत गेले. रिजेक्टची चावी किती उघडी ठेवायची, तिथं मी बायकोच्या नेलपॉलिशनं लाल खूण केली आणि सांगितलं, "ही माझी खूण. यावर ठेवायची."

"का?" असं त्यांनी विचारलं नाही. जावयाला उलट प्रश्न कसा विचारायचा? आणि त्यांनी विचारलं नाही म्हणजे त्यांना कळलं, असं मी धरून चाललो. सासऱ्याला पुन्हा समजावणं मलाही बरं दिसेना.

पहिला मेंब्रेन चार महिन्यांत गेला. तो चार वर्षं टिकायला हवा होता. उघडला तर आत पांढरा दगड. मी म्हणालो, पाणीच जड आहे. दुसरा बसवला, क्षार बसू न देणारं औषध वाढवलं. मधल्या काळात गावात बाबांचं नाव भलतंच झालं. पाळी बदलायला गटानं ठेवलेला दुसरा ऑपरेटर असला की जेवढे कॅन भरत त्यापेक्षा बाबांच्या पाळीत जास्त भरत. "मंसारामच्या हाताले गुण हाये," असं लोक म्हणू लागले. गटानं त्यांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणा मी. शीलाताईंनी भाषणात सांगितलं की हा माणूस पाण्याचा एक थेंब वाया जाऊ देत नाही. टाळ्या पडल्या. मी बाबांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, आणि पाणी म्हणजे जीवन या विषयावर वीस मिनिटं बोललो.

एक थेंब वाया जाऊ देत नाही! मशीनचा माणूस म्हणून हे वाक्य ऐकताच मी खुर्चीतून उडायला हवं होतं. पण समोर सत्काराचे पेढे होते.

दुसराही मेंब्रेन गेला. तेव्हा साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, "तिसरा देतो. तिसरा गेला तर प्लांट उचलून दुसऱ्या गावाला देईन. यादी मोठी आहे." मी घरी सांगितलं तर संगीता, म्हणजे माझी बायको, पोळी लाटता लाटता थांबली. "प्लांट उचलला त मी माहेरी कोणत्या तोंडानं जाऊ?" मग थोडं थांबून म्हणाली, "आन् तुमी त जाऊच नका."

तिसरा बसवला आणि मी चोर शोधायला लागलो. दर आठवड्याला जायचो. आधी फोन करायचो, कारण जावयानं न सांगता जायचं नसतं. पोहोचलो की सासूबाई पाय धुवायला तांब्या आणणार, मग खाटेवर चादर, मग चहा, मग पोहे, मग "आता जेवूनच जा जी." तास-दीड तासानं मी प्लांटवर पोहोचायचो. तोवर बाबा पुढे गेलेले असायचे. खोली झाडलेली, मशीन पुसलेली, प्रेशरचा काटा जागेवर, चावी लाल खुणेवर, रिजेक्टची धार मनगटाएवढी. पाना उचलायला गेलो की बाबा तो हातातून काढून घ्यायचे. "तुमी कायले हात भरवता? सांगा फक्त." सगळं ठीक आणि तरी मेंब्रेन मरतोय. अशा वेळी माणूस जे करतो ते मी केलं. दुसऱ्यावर संशय घेतला.

शीलाताईंना मी बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ते औषध तुम्ही वाचवून तर नाही ना ठेवत?"

शीलाताईंनी पदर खोचला. "चार बाया साक्षीले उभ्या करून झाकणानं मोजून टाकतो आमी. तुमाले दोष आमच्यातच काऊन दिसते जी? आपल्या घरच्याइकडं पाहा ना जरा!"

मला वाटलं, बाई रागावली म्हणून बोलली. खरं उत्तर त्या बोलण्यातच होतं हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मग तो मंगळवार आला. गुरुवारी साहेब पाहणीला येणार होते. मी पुढच्या एका गावी शाळेच्या कामाला निघालो होतो आणि बरोबर सासुरवाडीच्या वेशीवर गाडी पंक्चर झाली. पंक्चरवाला म्हणाला, तासभर लागेल. आता सासुरवाडीत शिरायचं तर हातात खाऊचा पुडा हवा. हातात होतं हेल्मेट आणि सायट्रिक अॅसिडची पिशवी. रिकाम्या हातानं दिसलो असतो तर संगीतानं ती गोष्ट पुढची दहा वर्षं काढली असती. म्हणून मी तोंडाला रुमाल बांधला, धानाच्या बांध्यांच्या धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं गेलो आणि समाजमंदिराच्या मागे, रिजेक्टच्या पाइपाजवळ लपून बसलो.

पाइपातून करंगळीएवढी धार पडत होती. मशीन तर आत जोरात चालू होतं.

मी पाइपाकडे पाहत राहिलो. मग उठून थेट खोलीत शिरलो. प्रेशरचा काटा लाल पट्ट्यात थरथरत होता. रिजेक्टची चावी जवळजवळ बंद. आणि माझे सासरे स्टुलावर बसून, मांडीवर सत्काराची शाल घेऊन, शांतपणे पाणी भरत होते.

मला पाहून ते ताडकन उठले, आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर चावी माझ्या लाल खुणेवर आणली. बाहेर धो धो धार सुरू झाली. मग हात जोडून म्हणाले, "फोन नाई केला जी. नाई त आंधीच सोडून ठेवलं असतं."

"काय सोडून ठेवलं असतं?"

"पाणी. तुमाले आवडते ना."

मी स्टुलावर बसलो. प्रश्न विचारत गेलो आणि उत्तरं मिळत गेली. बाबांनी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं की जावई आला की आधी मागे जाऊन पाइपातून पडणारं पाणी बघतो आणि धार मोठी असली की खुश होतो. चांगलं पाणी नालीत सोडायचं हे त्यांना पटत नव्हतं. धानवाला माणूस, बांधीच्या धुऱ्याला बोटभर भोक पडलं तर पावसात उभं राहून बुजवणारा. पण जावयाची आवड म्हटल्यावर काय करणार? कुणाच्या जावयाला कोंबडा लागतो, कुणाच्या जावयाला गादी लागते. आपल्या जावयाला पाणी वाहताना पाहायला लागतं. म्हणून मी यायचा फोन आला की ते प्लांटवर जाऊन चावी माझ्या खुणेवर आणत. मी गावाबाहेर गेलो की पुन्हा आवळत. दीड वर्षं या माणसानं जीव तुटत असताना माझ्या मानासाठी दर खेपेला गावाचं पाणी नालीत सोडलं होतं.

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मी दोन्ही न करता पाना उचलला. त्यांनी हात पुढे केला तेव्हा म्हणालो, "आज नाही बाबा." मशीन बंद केलं, ड्रममध्ये सायट्रिक अॅसिड, म्हणजे आपलं लिंबाचं सत्त्व, कालवलं आणि मेंब्रेनमधून फिरवायला लावलं. थोड्या वेळात पाइपातून दुधासारखं पाणी यायला लागलं. मी बादली त्यांच्यापुढे धरली. तळाशी बोटभर पांढरा गाळ बसला होता.

"हे एवढं याच्या पोटात होतं?"

"हेच त्या धारेबरोबर बाहेर जायचं असतं, बाबा. तुम्ही चावी आवळली की ते आतच राहतं. आधीचे दोन मेंब्रेन असेच गेले."

बाबा बादलीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, त्यांनी माझ्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"मंग हे काऊन सांगतलं नाई रे तू?" ते ओरडलेच. "दीड वरीस झालं! इंग्रजी बोलून राहिला होता माह्यासमोर, फलो न् पिरेशर! गोठ्यातलं मूत जाऊ द्याले नाली लागते, बुजवली त बैल त्याच घाणीत बसते, एवढं सांगाले काय तोंड दुखत होतं तुयं? गावाची मशीन मारली मी, आन् तू मले शाल घातली!"

एवढं बोलून ते एकदम थांबले. जावयाला "रे" म्हटलं गेलं होतं. दारात शीलाताई उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडात कोंबला होता. मी मात्र खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या घरातलं कोणीतरी माझ्याशी बोलत होतं.

बुधवारी दिवसभर आम्ही दोघांनी मेंब्रेन धुतला. मी पाइप धरायचो, ते अॅसिड कालवायचे आणि मधूनमधून मला शिव्या द्यायचे. संध्याकाळपर्यंत पाणी बरंचसं सुधारलं, पण पूर्ण नाही. सासूबाईंना काय चाललंय ते कळेना. जावयाचे हात कोपरापर्यंत भरलेले आणि सासरा त्याच्यावर खेकसतोय, हे दृश्य पाहून त्या तांब्या घेऊन आल्या तशाच परत गेल्या.

गुरुवारी साहेब आले. त्यांच्याकडे एक छापील फॉर्म होता. त्यात बिघाडाच्या कारणापुढे तीन चौकोन होते: पाण्याचा दोष, ऑपरेटरची चूक, इतर. ऑपरेटरची चूक निघाली तर प्लांट जाणार, हे मला माहीत होतं. पाण्याचा दोष लिहिलं तर वाचणार. मी तोंड उघडून "सर, इथलं पाणी फारच..." एवढं म्हणालो, तेवढ्यात बाबा उभे राहिले.

"पाण्याचं नाव नोका घेऊ. चूक माही आहे. चावी मी आवळत होतो."

मी म्हणालो, "सर, त्यांची चूक नाही. मी त्यांना कारण सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षण माझं होतं."

शीलाताई म्हणाल्या, "चूक त आमची सगळ्याइची हाये साहेब. थेंब वाया जाऊ देत नाई म्हणून आमीच यांचा सत्कार केला."

साहेब गोंधळले. "सत्कार? कुणाच्या हस्ते?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शीलाताईंनी मोबाईलमधला फोटोही काढून दाखवला. शाल घालताना मी जरा जास्तच हसत होतो.

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग बाबांना विचारलं, "काका, मला एवढंच सांगा. हे रिजेक्टचं पाणी कशाला सोडायचं?"

फ्लो, रिकव्हरी, काय सांगणार हा माणूस? बाबा म्हणाले, "साहेब, तुमची मशीन बैल आहे. खाल्लं-पिलं त मुतलंच पायजे. तोंड दाबलं त एखादा रोज जगल, हे दाबलं त नाई जगत."

मी प्रशिक्षणाला वापरायचो तो तक्ता भिंतीवर लटकत होता, चार रंगांचा. मला त्या तक्त्याची लाज वाटली.

साहेब जेवायला थांबले. त्या दिवशी डाळ शुद्ध पाण्यात शिजवली होती, चांगली एकजीव. दुसऱ्यांदा डाळ घेताना त्यांनी फॉर्म मागवला, "इतर" या चौकोनात खूण केली आणि पुढे लिहिलं, "सासरे-जावई यांच्यातील अतिरिक्त आदर." प्लांट राहिला. अट एकच घातली, की यापुढे नव्या ऑपरेटरला मंसारामबाबा शिकवतील. मी शिकवायचं नाही.

तो तिसरा मेंब्रेन, अर्धा मेलेला, पुढे तीन वर्षं चालला. रिजेक्टच्या पाण्यासाठी बाबांनी नाली खोदून ते भांडी घासायच्या ओट्यावर नेलं, त्यामुळे त्यांच्याही जिवाला शांतता आली. मी नंतर कंपनी सोडली. आता गोंदियात स्वतःचं दुकान आहे. नवीन गिऱ्हाइकाला मी पहिली बैलाची गोष्ट सांगतो, आणि त्याच्या तोंडून "का?" ऐकल्याशिवाय चावीला हात लावू देत नाही. मधली दीड वर्षं आणि दोन मेंब्रेन मात्र परत येत नाहीत. एक प्रश्न मी विचारू दिला असता तर ते वाचले असते, ही टोचणी आहेच.

सासुरवाडीत माझा मान पार गेला आहे. फोन करून गेलो तरी पाय धुवायला पाणी येत नाही, खाटेवर चादर पडत नाही. बाबा आता थकलेत, अंगणात बाजेवर बसून असतात, थंडीत तीच शाल पांघरतात. मी फाटकातून आत शिरलो की पुड्याकडे न बघता पाना पुढे करतात.

"आला का रे? जाय, आंधी पाणी वाया जाऊन राहिलं का पायून ये. मंग जेव."